संचालकांनी स्वतः उघडावे

सालिन्या, कुरासाव
३ मार्च २०२५

मेना,

आपल्याकडे थोरल्या बहिणीला पत्र लिहायचं तर पहिला शब्द आशीर्वाद मागण्याचा असतो. पण साडेतीन वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, तेव्हा आशीर्वाद मागून तुला अडचणीत टाकत नाही. काम आहे म्हणून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

तुझा भाऊ परवाना काढतोय. ऑनलाइन कॅसिनोचा, स्वतःच्या नावाने.

आजवर माझा धंदा काय होता ते तुला अर्धवटच ठाऊक असेल. परदेशातल्या कॅसिनो कंपनीला या बेटावर राहणारा एक संचालक लागतो. सही त्याची, पत्ता त्याचा, पत्रपेटी त्याची. खेळ, पैसा, माणसं, सगळं तिकडे कुठेतरी. म्हणजे मी नाव भाड्याने देत होतो. एके काळी मी एकशे बारा कंपन्यांचा संचालक होतो आणि त्यांतला एकही मालक मी समोरासमोर पाहिला नव्हता. रिफायनरीच्या फाटकावर पास्तेची, त्या तळलेल्या करंज्या, विकणाऱ्या पोराची ही मजल. नोटरीच्या ऑफिसात मी लादी पुसायचो तेव्हा शिकलो हे सारं. लादी पुसणाऱ्यासमोर कुणी दार लावून घेत नाही, आणि कान मला मायने चांगले दिले.

आता नवा कायदा आला. भाड्याची नावं बंद होत चाललीत. प्रत्येक साइटला आपला स्वतंत्र परवाना, आणि इथला संचालक खराखुरा, तपासून घेतलेला. 'सेव्हन पेलिकन्स' हे माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, बेर्तु, अर्ज तू कर, चौथा हिस्सा तुझा. मी हो म्हटलं. फी भरायला राहतं घर गहाण टाकलं. तुझी भावजय ग्लॅडिस दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने परवाना टांगायला चौकट आणली.

तर काम असं. अर्ज एकसष्ट पानांचा आहे. आजोबांच्या जन्मगावापासून सगळं विचारतात. भावंडांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, हल्लीचा पत्ता आणि नोकरी लागते. तू अजून हॉलंडात तिलबुर्खलाच असशील, त्याच वृद्धाश्रमात परिचारिका असशील, तर दोन ओळी लिहून कळव.

बार्बर गावातल्या घराचं मी काढत नाही. त्या रविवारी फोन स्पीकरवर ठेवून बोललो, टेबलाभोवती सगळे जेवत होते, ते चुकलंच. घर तुझ्या नावावर होतं हेही खरं. पण मायचं घर तू कुणाला न विचारता विकलंस आणि पैसे कुठे गेले ते सांगितलं नाहीस. मी तुला चोर म्हटलं. शब्द मागे घेत नाही. आवाज कमी ठेवायला हवा होता, एवढं कबूल.

धंदा तुला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. डॉमिनोवर दहा सेंट लावले म्हणून माझ्या बोटांवर पट्टी मारणारी बाई तू. पण सही करायला तुला सांगत नाही, फक्त पत्ता मागतोय.

बेर्तु


सालिन्या
२४ मार्च

मेना,

उत्तर नाही. ठीक आहे, जुना पत्ता लिहून टाकला.

परवाना कार्यालयात विंकलार नावाची बाई बसते. चष्मा साखळीला, बोलणं हळू. आपली सान्ता मारियाकडची आहे, हे तिने 'नाही' म्हटल्याबरोबर मी ओळखलं. साठ पानं तिने शिक्के मारून बाजूला ठेवली आणि चव्वेचाळिसावं परत दिलं. गेल्या पाच वर्षांत खेळणाऱ्यांच्या ज्या लेखी तक्रारी आल्या त्यांची यादी, आणि प्रत्येकीला काय उत्तर दिलं ते. मी कोरं सोडलं होतं. म्हटलं, तक्रारी नाहीत.

"शॉन बेर्तु," ती मानाची हाक देत म्हणाली, "आल्या नाहीत, का उघडल्या नाहीत?"

मी हसलो. तीही हसली, पण पान परत घेतलं नाही.

आता ऐक. या धंद्यात पत्रपेटी सगळेच ठेवतात, कारण पत्ता लागतो. त्यात पडलेलं कुणीच वाचत नाही. कंपनीकडे पाठवलं तर ती म्हणते, आमच्याकडे चॅट आहे, कागद कशाला. फेकलं तर उद्या कुणी विचारलं म्हणजे पंचाईत. म्हणून मी पंधरा वर्षांपूर्वी सुझेतला, म्हणजे माझं ऑफिस सांभाळते तिला, सांगून ठेवलं होतं की आपलं काम टपाल घ्यायचं, वाचायचं नाही. परवा तिला विचारलं तर म्हणाली, बाथरूममध्ये तांदळाची नऊ पोती आहेत, तुम्हाला वाटतं तिथे तांदूळ आहे?

तीन दिवस आम्ही दोघं पोती उपसतोय. पेलिकन्सचं एकीकडे, बाकीच्यांचं दुसरीकडे. सुझेत वाचते, मी यादीत मांडतो. एकाचं मांजर बटणावर बसलं म्हणून त्याला पैसे परत हवेत. एक बाई दर महिन्याला मला शिव्या लिहिते आणि खाली 'आपली विश्वासू' म्हणून सही करते. खूप हसलो आम्ही.

पण एक गोष्ट कानात अडकून राहिलीय. निम्म्याहून जास्त लोक पैसे मागतच नाहीत. ते म्हणतात, माझं खातं बंद करा. मला आत येऊ देऊ नका. फिनलंडचा माणूस, पोर्तुगालची बाई, एकमेकांना न ओळखणारे, आणि सगळे जवळजवळ त्याच शब्दांत. काल दुपारनंतर सुझेतने मोठ्याने वाचणं थांबवलं. आज ती नुसतं नाव आणि तारीख सांगते.

असो. चार पोती राहिलीत.

बेर्तु


२७ मार्च

मेना,

सातव्या पोत्यात एक पिवळट लिफाफा निघाला. तिलबुर्खचा शिक्का. वर डच भाषेत 'संचालकांनी स्वतः उघडावे', आणि खाली दोन रेघा.

सुझेतने दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, शॉन, आडनाव तुमचंच आहे. मी म्हटलं, इसेनिया काय कमी आहेत हॉलंडात. पण अक्षर बघितलं होतं तोवर. ते अक्षर माझंही आहे. तूच हात धरून गिरवून घेतलंस.

हे तू लिहिलंस? तू?

मला आत्ता याहून जास्त लिहिता येत नाही.


सालिन्या
२ एप्रिल

मेना,

अकरा पत्रं आहेत. सगळी सापडली. पहिलं मार्च २०२१ चं, शेवटचं पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. तारखेप्रमाणे लावली आणि वाचली. मग ग्लॅडिसला सांगितलं, बरं नाही, आणि ऑफिसातच राहिलो. सुझेतने फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आणि दारावर पाटी उलटी केली.

मी अजूनही हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून वाचतोय. चर्चमध्ये पाठीमागे बसून माझ्या मानेवर नजर ठेवणारी मेना, आणि ही पत्रं लिहिणारी बाई, या दोघी एका खुर्चीत बसत नाहीत. मग मध्येच एखादं वाक्य येतं, 'मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही', आणि तुझा आवाज ऐकू येतो.

साथीच्या दिवसांत वृद्धाश्रमात तुझ्या मजल्यावरची चौदा माणसं गेली, हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन तू कुणाशी बोलू शकत नव्हतीस. सोबतच्या नर्सने फोनवर एक रंगीत खेळ दाखवला, त्यात डोकं रिकामं होतं म्हणाली. हे तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, कुण्या अनोळखी संचालकाला, अगदी नीट समास सोडून. खातं बंद करावं ही विनंती. चॅटवर सहा वेळा सांगितलं, दर वेळी त्यांनी 'जाऊ नका' म्हणून खात्यात पन्नास युरो फुकट टाकले. तू विचारलंयस, दारू सोडू पाहणाऱ्याला तुम्ही बाटली भेट पाठवता का?

तिसऱ्यात अंगठी गेली. पाचव्यात तू पहिल्यांदा 'कृपया' शब्द गाळलास. सातव्यात एवढंच आहे: 'आज मी माझ्या आईचं घर विकलं. आठवडाभरात ते तुमच्याकडे आलेलं असेल.'

त्याच आठवड्यातला तो रविवार, मेना. मी तारीख दोनदा बघितली. सोमवारी तू पत्र टाकलंस आणि रविवारी मी स्पीकर लावून तुला विचारत होतो, पैसे कुठे आहेत. सगळे माना खाली घालून जेवत होते आणि तू तिकडे गप्प. मला वाटलं गुन्हेगार गप्प बसतो तशी गप्प आहे. पैसे माझ्याच पत्रपेटीच्या साइटवर होते.

हे लिहितानाही मला ते खरं वाटत नाही.

आणि शेवटचं. ते डचमध्ये नाही, आपल्या भाषेत आहे. सोबत व्यापार नोंदणीचा उतारा जोडलाय, फी भरून मागवलेला, आणि संचालकाच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ. 'बेर्तु, दहा पत्रं मी तुलाच लिहीत होते हे मला आज कळलं. घरच्या पत्त्यावर लिहिलं तर ग्लॅडिस वाचेल, आणि मग सगळं बेट. संचालकाच्या नावाने आलेलं तरी तू स्वतः उघडशील. मला पैसे नकोत. मला आत येऊ देऊ नकोस. तुला फक्त एक बटण दाबायचंय. तू दाबलंस की मला कळेल की तू वाचलंस, आणि मग आपण पुन्हा बोलू.'

तीन वर्षं तू रोज बघत असशील, बटण दाबलं गेलं का. आणि तुला वाटलं असणार की मी वाचलं, आणि दाबलं नाही.

मी वाचलं नव्हतं. हे सफाई म्हणून सांगत नाही. न वाचायचं हे मीच ठरवलं होतं आणि त्याचे पैसे घेत होतो.

त्याच दिवशी पेलिकन्सला फोन लावला. मार्को नावाचा माणूस आहे, आवाजावरून पस्तिशीचा, कायम काहीतरी चघळत असतो. मी म्हटलं, मी संचालक बोलतोय, एक खातं ताबडतोब बंद करा. म्हणाला, खातेदाराने स्वतः मागायला हवं. मी म्हटलं, तिने अकरा वेळा मागितलंय, लेखी. तो म्हणाला, लेखी नाही, चॅटवर. मग त्याने नंबर टाकून पाहिला आणि त्याचा सूर एकदम गोड झाला.

"हे खातं चांगलं आहे, मिस्टर इसेनिया. जुनी मैत्रीण आहे आमची. काल संध्याकाळीच येऊन गेली."

काल, मेना. म्हणजे माझं पहिलं पत्र, परवान्याच्या बढाया मारणारं, तुझ्या टेबलावर असताना.

त्यानंतर तुला आठ वेळा फोन केला. वाजतो आणि बंद होतो.


सालिन्या
१६ एप्रिल

मेना,

हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं खोटं ठरेल. तुझी अकरा पत्रं मी दोन दिवस खणात ठेवली. बाकीची तीनशे चाळीस यादीत मांडली, प्रत्येकाला उत्तर टाकलं, चव्वेचाळिसावं पान भरलं. सुझेत म्हणाली, अकरा कागद काढले तर कुणाला कळणार आहे. ती माझ्या भल्याचंच बघत होती. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घर गहाण आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. बँकेचा माणूस मला आता नावाने हाक मारतो, त्याची मला सवय झालीय.

तिसऱ्या दिवशी ती पत्रं घेऊन विंकलार बाईकडे गेलो. यादीत शेवटी अकरा ओळी, आणि 'तक्रारदाराशी नाते' या रकान्यात 'बहीण'.

तिने ते वाचलं. मग लिफाफा न उघडता वरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. बाहेर रांगेत दोघं कोंबड्यांच्या झुंजीवरून वाद घालत होते. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि हिचा एकही नाही. शेवटी ती म्हणाली, शॉन बेर्तु, हे पान आत गेलं की अर्ज पडणार, आणि पुढे कुठल्याच कॅसिनोत तुम्हाला संचालक होता येणार नाही. आज मागे घेतलात तर काही नोंद राहणार नाही. मी तिला विचारलं, नोंद राहिली तर पत्रं कुठे जातील. म्हणाली, फायलीत, कायमची. म्हटलं, मग राहू दे. कुणीतरी तारीख घालून घेतली एवढं तरी होईल.

तिने शिक्का मारला. उठून दारापर्यंत आली, ते इथे कुणासाठी करत नाहीत.

मग मी पेलिकन्सचा राजीनामा लिहिला. माझं गणित साधं होतं: इथला संचालक नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर साइट बंद. मार्को एक बटण दाबत नव्हता, मी सगळा दिवाच विझवणार होतो. खरं सांगतो, घरी जाताना मला जरा बरं वाटत होतं. ग्लॅडिसने सगळं ऐकून घेतलं. परवान्याची चौकट तिने भिंतीवरून काढली, काचेवरची धूळ पुसली आणि कपाटात ठेवली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

साइट दोन दिवससुद्धा बंद झाली नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या जागी शुरमानने सही केली. शुरमान दोरोतेआ. त्याला हा धंदा मी शिकवला, पहिला कोट मी शिवून दिला. माझ्याजवळ यायची त्याला छाती झाली नाही, पण सान्ता रोसाच्या बारमध्ये लाकडी फळीच्या पलीकडे बसला होता आणि मी अलीकडे. कुणीतरी त्याला विचारत होतं, म्हातारा का सुटला रे यातून. तो म्हणाला, "वेड लागलंय. पंधरा वर्षं धंदा करून आता बहीण आठवली." आणि सगळे हसले. कडवट नाही, मेना, आपले लोक हसतात तसे. मीही त्यांच्या जागी हसलो असतो. पत्रपेटी आता त्याच्या ऑफिसात गेली. त्याच्या बायकोने तिच्यासाठी पोतं आणून ठेवलं असेल.

तर असं आहे. मी घर घालवलं, नाव घालवलं, आणि पेलिकन्सला एक दिवस शिंकसुद्धा आली नाही. तू आत्ता फोन हातात घेतलास तर ते दार उघडं आहे. ज्या बटणासाठी तू तीन वर्षं थांबलीस ते माझ्याकडे कधी नव्हतंच. मी नुसतं दारावरचं नाव होतो.

हे कळल्यापासून मी बसून आहे. धक्का बसला की माणूस काहीतरी करत सुटतो असं मला वाटायचं.


तिलबुर्ख
६ मे, सकाळ

मेना,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुला लिफाफ्यावरून कळलं असेल. दाराच्या फटीतून मीच टाकलंय.

ग्लॅडिसनेच पाठवलं. तिची बहीण मायामीला जायची होती, तिच्यासाठी जमवलेले पैसे तिने तिकिटाला दिले आणि म्हणाली, इथे बसून कागद काळे करू नकोस, ती बाई आता कुठलाच कागद उघडणार नाही. मग बॅगेत तिने गोठवलेलं बोकडाचं मटण भरलं, ते विमानतळावर काढून घेतलं. विंकलार बाईने एक पत्ता लिहून दिलाय, इथल्याच शहरातला, तुझ्यासारखी माणसं मंगळवारी जमतात तिथला. सोबत कुणी आलं तरी चालतं म्हणे. फोनवरचे असे सगळे खेळ एकदम अडवणारं काहीतरी असतं, ते दुसऱ्याने बसवायचं आणि परवलीचा शब्द त्याने स्वतःकडे ठेवायचा. शब्द मी निवडेन. तुला सांगणार नाही. तू रागावलीस तर रागावलीस, पट्टी असेल तर काढून ठेव.

पेलिकन्स गेले तरी दुसरे पक्षी आहेत, शेकड्यांनी, त्यांतल्या कित्येकांच्या दारावर मीच नाव लावलं होतं. सगळी दारं मला लावता येणार नाहीत. पण तुझ्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या असतील.

चोर म्हटलं होतं तो शब्द मागे घेतो. टेबलाभोवती होते त्या सगळ्यांना ईस्टरच्या दिवशी बोलावून, स्पीकरवर नाही, समोर सांगितलं की चूक माझी होती. का, ते सांगितलं नाही. ते तुझं आहे.

घंटा एकदा वाजवली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. तुझीच आहेत, डावा पाय जरा ओढतेस आता. पुन्हा वाजवणार नाही. समोरच्या बसथांब्याच्या बाकावर बसतोय. आज नाही उघडलंस तर उद्या दहाला येईन, परवा दहाला. थंडी आहे, कोट शुरमानने पाठवलेला, त्याच्याच मापाचा आहे, परतीचं तिकीट काढलेलं नाही. कुणी दार उघडेल म्हणून वाट बघायची मला सवय नाही. तुला आहे. मी शिकेन.

आशीर्वाद दे.

बेर्तु